परळहून घरी

परळहून दुपारी निघालेल्या कल्याण लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात, मांडीवर जाड फाइल आणि स्कॅनची मोठी पिशवी सांभाळत बसलेली माणसं रोज दिसतात. कॅन्सरच्या पेशंटला या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. बहुतेकांच्या फाइलवर पुढची तारीख लिहिलेली असते. काहींच्या फाइलवर तारीख नसते. कुठल्याशा ओपीडीत मुलाला किंवा जावयाला बाजूला घेऊन सांगितलेलं असतं, ‘आता केमो त्यांना झेपणार नाही, फायदाही नाही. घरी न्या, सेवा करा.’

घर ठाण्याला असेल, डोंबिवलीला, कल्याणला, नाहीतर टिटवाळ्याला. ‘सेवा करा’ म्हणजे काय, हे घरातल्या प्रत्येकाला मनातून कळतं. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर काय द्यायचं? जखमेला वास सुटला तर? चार दिवस पोटात अन्न गेलं नाही तर सलाइन लावायचं का? श्वास लागला तर ॲम्ब्युलन्स बोलवायची की नाही? या सगळ्या प्रश्नांना उत्तरं आहेत. गेल्या साठ वर्षांत डॉक्टरांनी, नर्सनी आणि घरच्या माणसांनी ती कष्टाने शोधली आहेत. त्यातली बरीचशी स्वस्त आहेत, साधी आहेत. ती त्या लोकलमधून शेवटच्या स्टेशनपर्यंत पोहोचत नाहीत, ही खरी अडचण आहे.

ही उत्तरं शोधणाऱ्यांपैकी एक, डॉ. लुईस जोझे डिसोझा, हे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले कर्करोग शल्यचिकित्सक. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या पेशंटचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत नेला. १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरी चर्चच्या टेकडीवर त्यांनी ‘शांती आवेदना’ सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना जात, धर्म, ऐपत न विचारता इथे घेतात, पैसे घेत नाहीत आणि शुश्रूषेचा भार ख्रिस्ती धर्मभगिनी वाहतात. पुढे गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. ‘काही करता येत नाही’ असं ज्यांच्याबद्दल ठरलं होतं त्यांच्यासाठी इथे दिवसभर काही ना काही चाललेलं असतं: जखम धुणं, तोंड पुसणं, कूस बदलणं, केस विंचरणं.

ही कल्पना आली लंडनहून. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेवर काम करायचं तर डॉक्टर व्हायला हवं हे उमगल्यावर पुन्हा शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. डेव्हिड टॅस्मा नावाचा पोलंडहून आलेला एक निर्वासित पेशंट १९४८ मध्ये वारला, तेव्हा त्याने सॉन्डर्सबाईंच्या स्वप्नातल्या घराच्या एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले होते. त्या खिडकीभोवतीचं घर उभं राहायला १९ वर्षं लागली. १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं आणि आधुनिक हॉस्पिसची सुरुवात तिथून मोजतात.

सॉन्डर्सबाईंनी वैद्यकाला एक फार मोलाची गोष्ट शिकवली. वेदना एका जागी नसते. डोंबिवलीतल्या एखाद्या रिक्षावाल्याचा कॅन्सर मणक्यात उतरलेला आहे असं समजा. त्याची पाठ दुखते हे खरं. पण रिक्षाचे हप्ते थकलेत, मुलीचं बारावीचं वर्ष आहे, बायकोने मंगळसूत्र मोडलंय हे त्याला कळलंय पण तो बोलत नाही, आणि ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं’ हा प्रश्न रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नाही. हे सगळं मिळून त्याचं दुखणं. नुसती गोळी वाढवून ते थांबत नाही, आणि गोळी न देता नुसता धीर देऊनही थांबत नाही. म्हणून या कामात डॉक्टरइतकाच नर्सचा, समाजसेवकाचा, समुपदेशकाचा आणि अधूनमधून भटजी, मौलवी किंवा फादरचाही हात लागतो.

तरी सुरुवात गोळीपासूनच करावी लागते. शरीर कळवळत असताना माणूस ना देवाशी बोलू शकतो, ना मुलाशी.

मॉर्फिनचं नाव काढलं की घरात दोन भीती उभ्या राहतात. एक, व्यसन लागेल. दुसरी, ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता संपलंच.’ दोन्ही भीतींनी महाराष्ट्रात असंख्य माणसांना विनाकारण तळमळत ठेवलं आहे. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. दुखण्याप्रमाणे मात्रा वाढवता येते, कमीही करता येते. मॉर्फिनवर असलेली माणसं महिनोन् महिने चालतीफिरती राहतात, काही कामावरही जातात. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते. ‘दुखायला लागलं की सांगा’ हा नियम इथे चालत नाही. दुखणं एकदा उसळलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर जुलाबाचं औषध पहिल्या दिवसापासून असायलाच हवं. ते लिहायचं राहिलं की चार-पाच दिवसांत पेशंट पोट धरून बसतो, घरचे गोळीला दोष देतात आणि गोळी बंद करतात. मग पहिल्यासारखी तळमळ सुरू.

या गोळीचा देशातला इतिहास वाचताना वाईट वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली: आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मग कोडीनसारखी सौम्य, मग मॉर्फिन. वांद्र्याचं हॉस्पिसही त्याच वर्षी उघडलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, आला होता. त्याचा रोख तस्करांवर होता. कागदपत्रं आणि शिक्षा इतक्या कडक होत्या की रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. देशात वैद्यकीय कामासाठी वापरलं जाणारं मॉर्फिन १९८५ मध्ये ७१६ किलो होतं, ते १९९७ मध्ये १८ किलोवर आलं. नीमच आणि गाझीपूरचे सरकारी कारखाने अफूवर प्रक्रिया करत होते, भारतातली अफू औषधासाठी परदेशी जात होती, आणि इथला पेशंट उशीत तोंड खुपसून ओरडत होता. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा बदलला. चार-पाच खात्यांच्या परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त रुग्णालयांना राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता पुरेशी झाली. कायद्याची गाठ सुटली, तरी सवयीची गाठ अजून आहे. नाक्यावरच्या केमिस्टकडे मॉर्फिन मिळत नाही आणि फॅमिली डॉक्टरच्या हाताला ते लिहायची सवय नाही. म्हणून कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक घरांना केवळ गोळ्यांसाठी मुंबई गाठावी लागते. पेशंटला नेता येत नाही, मग फाइल घेऊन मुलगा जातो.

टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. मेरी ॲन मुकादन यांनी १९९६ मध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, विभाग उभा केला. २०१२ पासून इथे या विषयात एमडी करता येतं. म्हणजे वेदना आणि अखेरची काळजी हे स्वतंत्र शास्त्र आहे यावर देशात मोहोर उमटली. विभागाचं पथक घरीही जातं: डॉक्टर, नर्स, समाजसेवक. ज्याच्या घरी हे पथक एकदा येऊन गेलं त्या घराचं वळणच बदलतं, कारण फोन करायला एक नंबर मिळतो आणि पलीकडच्या माणसाला पेशंट ठाऊक असतो. पण मुंबईतून निघालेल्या गाडीला घोडबंदर रोड आणि शिळफाट्याचं ट्रॅफिक ओलांडायचं असतं, आणि दिवसात किती घरं होणार याला मर्यादा असते. वांद्र्याला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी, सायन हॉस्पिटलच्या डीनपदावरून निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी, कॅन्सरने गेलेल्या आपल्या मुलीच्या नावाने ‘रोमिला पॅलिएटिव्ह केअर’ सुरू केलं. ठाणे जिल्ह्यात मीरा रोडच्या भक्तिवेदांत हॉस्पिटलमध्ये या सेवेचं पथक आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं. तिथे पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं आणि नर्सच्या हाताखाली ड्रेसिंग, नळीतून भरवणं, औषधांच्या वेळा हे सगळं शिकून घेतं. बरेच पेशंट दुखणं आटोक्यात आल्यावर घरी परततात. ‘हॉस्पिसमध्ये गेलं की परत येत नाही’ हा समज तिथे रोज खोटा ठरतो.

या सेवेला बोलवायचं कधी, याबद्दलही एक गैरसमज घट्ट बसला आहे. अगदी शेवटी, असं बहुतेकांना वाटतं. २०१० मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या १५१ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेले हे लोक. निम्म्यांना निदानानंतर लगेच, नेहमीच्या उपचारांबरोबरच पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांचं नैराश्य कमी राहिलं, शेवटी शेवटी त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते साधारण ११.६ महिने (मध्यक) जगले. दुसऱ्या गटातले ८.९. आक्रमक उपचार कमी घेऊन माणसं जास्त जगली हे वाचून खुद्द कर्करोगतज्ज्ञ चकित झाले. आणि कॅन्सर हा यातला एक हिस्सा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या काळजीची गरज पडते आणि त्यातल्या सुमारे १४ टक्क्यांनाच ती मिळते. गरज असलेल्या प्रौढांमध्ये सर्वांत मोठा गट हृदयविकाराच्या रुग्णांचा आहे, कॅन्सरचे ३४ टक्के. दमलेलं हृदय, डायलिसिस सोडून दिलेली किडनी, सीओपीडीची फुप्फुसं, स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेली आजी, यांच्या घरी ‘हॉस्पिस’ हा विचार शिरतच नाही.

ठाणे-डोंबिवलीत हे सगळं घडतं ते वन रूम किचनमध्ये किंवा वन बीएचकेमध्ये. हॉलमधला दिवाण भिंतीला लागतो आणि भाड्याचा फाऊलर बेड मध्ये येतो. टीव्हीखालच्या कपाटावर औषधांचे डबे, कापूस, ग्लोव्ह्ज, डायपरची पाकिटं. दारामागे युरीन बॅग बदलायचं वेळापत्रक. बेड विकत घेण्याची गरज बहुधा पडत नाही. रा. स्व. संघाच्या जनकल्याण समितीसारख्या संस्थांच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत, रोटरी आणि लायन्सकडे, कधी देवळाच्या ट्रस्टकडेही बेड, एअर बेड, वॉकर, व्हीलचेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अनामत ठेवून मिळतात. काम झालं की परत द्यायचं. आपल्याकडे ही सोय वाखाणण्याजोगी आहे.

वस्तू आल्या, आता हात हवेत. पाठीवर झोपून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडाजवळ आणि टाचांना बेडसोअर होतात. एअर बेड असला तरी. तंबाखूने झालेला तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे फार. त्याची जखम गालातून बाहेर फुटते आणि तिला असा वास येतो की सून जेवणाचं ताट स्वयंपाकघरात नेते, नातवंडं खोलीत यायची थांबतात, आणि पेशंट स्वतःच सगळ्यांना ‘लांब बसा’ म्हणतो. हा वास हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो. मेट्रोनिडॅझोलची साधी, काही रुपयांची गोळी कुटून तिची पूड ड्रेसिंग करताना जखमेवर भुरभुरवली की दोन-तीन दिवसांत वास पुष्कळ उतरतो. अनुभवी नर्स हे पहिल्याच भेटीत शिकवते. वास गेला की नातवंड पुन्हा पलंगावर चढून बसतं. माणसाला माणसांत परत आणायला कधीकधी एवढंच पुरतं, आणि ठाऊक नसल्यामुळे तेवढंही होत नाही, याचा राग यायला हवा.

रक्तस्राव होण्याची शक्यता असेल तर ती नर्स गडद रंगाचे, मरून किंवा काळपट हिरवे टॉवेल उशाशी ठेवायला सांगते. पांढऱ्या चादरीवरचं रक्त पाहून पेशंट आणि घरचे दोघंही हादरतात. गडद टॉवेलवर ते तेवढं दिसत नाही. श्वास लागत असेल तर खिडकी उघडून टेबलफॅनचा झोत गालावर आणि नाकाशी येईल असा ठेवायचा. चेहऱ्याला लागलेल्या वाऱ्याने धाप कमी जाणवते, हे प्रयोगांत दिसलं आहे. धापेवर मॉर्फिनची लहान मात्राही काम करते, ही गोष्ट बऱ्याच डॉक्टरांनाही नवीन वाटते.

सगळ्यात अवघड असतं जेवण. मराठी घरात माया ताटातून वाढतात. आईने चार घास खाल्ले नाहीत तर लेकीला वाटतं, आपण कमी पडलो. मग ‘एक घास बाळासाठी’ असं सुरू होतं, ठसका लागतो, उलटी होते, दोघी रडतात. शरीर थांबायला लागलं की भूक आधी थांबते. तो माणूस जेवत नाही म्हणून चाललेला नसतो. तो चाललेला असतो म्हणून जेवत नाही. हे कुणी शांतपणे समजावलं तर घराच्या छातीवरचं ओझं उतरतं. मग भाताची पेज चमचाभर, नारळपाणी दोन घोट, आवडत असेल तर आइस्क्रीम, एवढंच पुरे. शेवटच्या दिवसांत सलाइन लावलं तर ते पाणी शरीराला वापरता येत नाही. पायांवर सूज आणि छातीत घरघर वाढते. तहान लागल्यासारखी वाटते ती बहुधा कोरड्या तोंडाची असते. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ टिपत राहणं हे त्यावरचं उत्तर. तुळशीपत्राने गंगाजलाचे थेंब सोडणाऱ्यांच्या हाताला हे काम नवं नाही.

हे सारं करणारं माणूस बहुतेक घरांत बाई असते. बायको, सून, नोकरी सोडलेली मुलगी. ऐपत असली तर ब्युरोची मावशी बारा तास येते, पण रात्र घरच्यांचीच. दोन महिने सलग झोप न मिळालेल्या बाईच्या मनात कधीतरी येतं, ‘आता सुटले तर बरं’, आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटते की ती तो कुणाला सांगत नाही. अनुभवी समाजसेवक हा प्रश्न मुद्दाम काढतो, पेशंटच्या खोलीबाहेर, जिन्यात किंवा स्वयंपाकघरात. असं जवळजवळ प्रत्येकीला वाटतं, हे तिने एकदा ऐकलं पाहिजे. चार दिवस पेशंटला कुठे ठेवून तिला झोपू देण्याची सोय मात्र ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात फारच थोडी आहे.

आणखी एक काम घरचे लोक मायेपोटी स्वतःवर ओढून घेतात, ते लपवण्याचं. ‘डॉक्टर, बाबांना सांगू नका हं, खचतील.’ रिपोर्ट बदलून दाखवतात, कॅन्सरला ‘गाठ’ म्हणतात, कावीळ म्हणतात. बाबांना सगळं कळलेलं असतं. ज्या हॉस्पिटलात ते गेले त्याच्या पाटीवरच लिहिलेलं असतं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प बसतात. एकाच खोलीत दोन्ही बाजूंनी नाटक चालतं आणि बोलायच्या गोष्टी राहून जातात: बँकेतलं नॉमिनेशन, गावच्या जमिनीचा सातबारा, भावाशी मोडलेलं बोलणं. पॅलिएटिव्ह केअरमधले लोक बातमी थेट तोंडावर फेकत नाहीत. ते विचारतात, ‘काका, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतं?’ बहुतेक वेळा काका स्वतःच सांगतात. मग काकांना आणखी किती ऐकायचंय ते काकाच ठरवतात.

ठाणे जिल्ह्याच्या आठवणीत याच सेवेचा एक दूरचा, डोंगरातला प्रयोग आहे, जव्हारचा. जव्हार तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. १९९२-९३ मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी या तालुक्याचं नाव देशभर गेलं होतं. तिथल्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात २०१० मध्ये मुलांसाठी पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली. महाराष्ट्रातल्या या प्रकल्पाला ब्रिटिश सरकारचा निधी होता, आणि त्यामागे इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर, मुलांच्या हॉस्पिसचं आंतरराष्ट्रीय जाळं आणि टाटाच्या डॉ. मुकादन होत्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही त्याचं केंद्र होतं. मुलांच्या बाबतीत या सेवेचं रूप वेगळं असतं. मेंदूचा पक्षाघात, वारंवार झटके, सिकलसेल, जन्मतः असलेले दोष अशी दुखणी वर्षानुवर्षं चालतात. पाड्यावरच्या आईला मूल कडेवर घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत चालत यावं लागतं आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा घरात वेदनेवरचा पहिला उपाय कधी औषध असतो, कधी एसटीचं भाडं, कधी धान्य. २०१२ मध्ये महाराष्ट्राने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण स्वीकारलं, केरळनंतर दुसरं राज्य म्हणून, आणि त्यात मुलांचाही विचार झाला.

केरळने मात्र धोरणाच्या आधी माणसं तयार केली होती. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी एक छोटी संस्था काढली. काही वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर कितीही वाढवले तरी घराघरात पोहोचणार नाहीत. मग मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या लोकांना शिकवायला सुरुवात झाली: शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, कॉलेजची मुलं. जखम कशी धुवायची, कसं ऐकायचं, नर्सला कधी बोलवायचं. गावागावातून नाण्या-नोटांची वर्गणी आली. २००८ मध्ये सरकारने धोरण केलं आणि पंचायतींनी घरी जाणाऱ्या नर्सचा खर्च उचलला.

हे डोंबिवलीला जमणार नाही असं मानण्याचं कारण नाही. १९९९ मध्ये गणेश मंदिर संस्थानने नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि ती पाहून राज्यभर शोभायात्रा सुरू झाल्या, ते हेच शहर. निवृत्त नर्स, बँकेतून व्हीआरएस घेतलेले, सकाळी कट्ट्यावर भेटणारे ज्येष्ठ, प्रत्येक सोसायटीत असे हात आहेत. आयुष्मान भारतच्या आरोग्य मंदिरांत मिळायच्या १२ सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह काळजी कागदावर आहे. महापालिकेने दोन-तीन प्रभागांना मिळून एक प्रशिक्षित नर्स आणि स्कूटर दिली, शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई रुग्णालयात मॉर्फिन मिळू लागलं, आणि सोसायटीतल्या चार जणांनी आठवड्यातून दोन तास दिले, तर टिटवाळ्याच्या त्या मुलाला गोळ्यांसाठी फाइल घेऊन परळ गाठावं लागणार नाही. यासाठी नवी इमारत लागत नाही.

शेवटच्या दिवसांत नेमकं काय दिसेल हे आधी सांगितलेलं असलं की घर घाबरत नाही. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर चट्टे येतात. श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. घशात साठलेल्या लाळेची घरघर होते. ऐकणाऱ्याला तिचा त्रास होतो, पेशंटला बहुधा होत नाही. कुशीवर वळवलं की ती कमी होते, औषधानेही होते. २०२० मध्ये व्हँकूवरच्या एका हॉस्पिसमधल्या अभ्यासात असं दिसलं की अखेरच्या तासांतही, माणूस प्रतिसाद देत नसताना, काहींचा मेंदू आवाजाची दखल घेतो. म्हणून जवळ बसून बोलत राहा, असं नर्स सांगतात. हे सगळं ठाऊक नसलेलं घर याच क्षणी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलवतं, आणि माणूस आयसीयूच्या काचेआड, नळ्यांत, एकटा जातो.

ते नको असेल तर लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केलं. पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला ते सोपं केलं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कृत्रिम श्वास थांबवायचा की नाही हे रुग्णालयाची दोन डॉक्टर मंडळं तपासतात आणि प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यावर राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये ही इच्छापत्रं जपणारे अधिकारी नेमले गेले. स्वतः लिहिलेली अशी दोन पानं असली की मुलगा-मुलगी आयसीयूच्या दारात एकमेकांशी भांडत नाहीत.

घरी मृत्यू झाला तर पहिला फोन पोलिसांना नाही, डॉक्टरांना करायचा. आजारपणात पाहणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. घरातल्या मृत्यूसाठी ते ४अ नमुन्यात असतं. ठाण्याच्या जवाहरबागेत असो, डोंबिवलीच्या शिवमंदिर रोडला किंवा कल्याणच्या बैलबाजारात, स्मशानभूमीत ते विचारतात, आणि महापालिकेतल्या नोंदणीलाही तेच लागतं. नोंदणी २१ दिवसांत करायची. म्हणून पेशंट घरी आणला की त्याच आठवड्यात जवळच्या फॅमिली डॉक्टरला बोलावून फाइल दाखवून ठेवावी. कधीच न पाहिलेल्या माणसाचं प्रमाणपत्र द्यायला डॉक्टर कचरतात, आणि ते रास्त आहे. मध्यरात्री मृतदेह घरात असताना प्रमाणपत्रासाठी दारोदार फिरण्याची वेळ अशानेच येते.

तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि घर रिकामं होतं. पॅलिएटिव्ह केअरचं काम इथे संपत नाही. चांगली पथकं काही आठवड्यांनी फोन करतात, भेटायला येतात. झोप लागते का, कामावर जाता का, मुलं कशी आहेत, असं विचारतात. बहुतेकांना तेवढंच लागतं. कुणाचं दुःख महिनोन् महिने हलत नसेल तर त्याला समुपदेशकाकडे पाठवतात, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था त्यासाठी आहे. बेड आणि एअर बेड साहित्य केंद्राला परत जातात. मॉर्फिनच्या उरलेल्या पट्ट्या मात्र कुणाला द्यायच्या नसतात आणि कचऱ्यातही टाकायच्या नसतात. मोजून, ज्या रुग्णालयाने दिल्या तिथे परत करायच्या असतात. त्या द्यायला आलेल्या मुलाला किंवा सुनेला समाजसेवक खुर्चीवर बसवतो, चहा मागवतो आणि विचारतो, ‘आता सांगा, तुम्ही कसे आहात?’